रोद्वो : एका तिकिटावरची नदी

१९७२ साली पोलंडच्या टपाल खात्याने एक स्मारक-तिकीट काढले. निमित्त होते ‘जर्मनीतील पोलिश लोकांचा संघ’ ह्या संस्थेच्या पन्नाशीचे. आणि तिकिटाचा विषय होता त्या संस्थेचे चिन्ह, ‘रोद्वो’. तांबड्या पार्श्वभूमीवर कोनाकोनांत मोडलेली एक पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर एके ठिकाणी बाहेर आलेली छोटीशी खूण, एवढेच हे चिन्ह. ठाऊक नसलेल्या माणसाला ते एखाद्या कारखान्याचे बोधचिन्ह वाटावे. ठाऊक असलेल्याला मात्र ती विस्वा नदी दिसते, जिला इतर युरोपीय भाषांतून विस्तुला म्हणतात. बाहेर आलेली खूण ही त्या नदीकाठच्या क्राकूव शहराची.

चिन्हांविषयी लिहिताना आपण बहुधा ‘त्याचा अर्थ काय’ असे विचारतो. रोद्वोच्या बाबतीत ‘ते कोण कोणाला दाखवीत आहे’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. कारण हे चिन्ह एका राज्याच्या नजरेतून निसटण्यासाठी काढले गेले होते, आणि चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका राज्याने ते आपल्या तिकिटावर छापले. रेघ तीच राहिली. तिच्यातून बोलणारा मात्र बदलला.

आधी ही माणसे कोण होती ते पाहू. मराठी वाचकाला ‘पोलिश निर्वासित’ म्हटले की कोल्हापूरजवळचे वळीवडे आठवते. परंतु दुसऱ्या महायुद्धात तेथे आलेली कुटुंबे पोलंडच्या पूर्वेकडची, सोव्हिएत सत्तेने सायबेरियात व मध्य आशियात हाकललेली होती. रोद्वोची माणसे पश्चिमेकडची. आणि ती कोठे गेली नव्हती, सीमा त्यांच्यावरून गेली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंडची तीन साम्राज्यांत वाटणी झाली आणि १९१८ पर्यंत नकाशावर पोलंड नावाचा देश राहिला नाही. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा प्रशियाच्या ताब्यातला सगळा मुलूख त्याला मिळाला नाही. जुलै १९२० मध्ये वार्मिया, माझुरी आणि पोविश्ले येथे जनमत घेतले गेले, त्यात जर्मनीची सरशी झाली. मार्च १९२१ मध्ये अप्पर सायलेशियात मतदान झाले आणि त्यानंतर तो प्रांत दुभंगला. ओपोलेकडचा भाग जर्मनीत राहिला. ह्या पट्ट्यांतल्या पोलिश भाषक शेतकऱ्यांत रूरच्या कोळसाखाणींत आणि बर्लिनच्या कारखान्यांत पोटासाठी गेलेल्यांची भर पडत होतीच. अशा विखुरलेल्या लोकांची एक संस्था असावी म्हणून २७ ऑगस्ट १९२२ रोजी बर्लिनमध्ये हा संघ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष पोविश्लेतले जमीनदार स्तानिस्वाव शेराकोव्स्की होते. १९३१ पासून ती धुरा झाक्शेवो गावचे कॅथलिक धर्मगुरू बोलेस्वाव दोमान्स्की ह्यांच्याकडे आली.

संघाचे काम रूक्ष होते: शाळा, पतपेढ्या, वर्तमानपत्रे, गायनमंडळे, निवडणुका. १९२८ च्या अखेरीस प्रशियन सरकारने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याची मुभा दिली, तेव्हा ह्या कामाला वेग आला. नोव्हेंबर १९३२ मध्ये सायलेशियातल्या बितोम (जर्मन नाव बॉयथेन) येथे पोलिश माध्यमिक विद्यालय उघडले. अशा संस्थेला झेंडा लागतो, पत्रावर छापायला शिक्का लागतो, मुलांच्या सदऱ्याला लावायला बिल्ला लागतो. पोलिश माणसाच्या मनात ह्या सगळ्याचे उत्तर एकच असते, पांढरा गरुड. पण तो गरुड आता शेजारच्या देशाचे राजचिन्ह झाला होता. जर्मन नागरिकांच्या एका संस्थेने परक्या राज्याचे राजचिन्ह मिरवणे कायद्यात बसणारे नव्हते. शेकडो वर्षे जे चिन्ह लोकांचे होते ते राज्य परत मिळाल्यामुळेच ह्या लोकांच्या हातून गेले, हा त्यातला विचित्र भाग.

म्हणून १९३२ मध्ये यानिना क्वोपोत्स्का ह्या चित्रकर्तीने नवे चिन्ह काढले. तिने गरुडाऐवजी नकाशा घेतला, पण नकाशातल्या सीमा टाकून दिल्या. देशाची आकृती टाकून दिली. ठेवली फक्त एक नदी. विस्वा कार्पेथियन पर्वतरांगांत उगम पावते, क्राकूववरून पुढे जाते, वॉर्सा ओलांडून पश्चिमेला वळते आणि मग उत्तरेला ग्दान्स्कच्या उपसागराला मिळते. हजारांहून अधिक किलोमीटरच्या ह्या प्रवाहाची सगळी नागमोडी वळणे काढून टाकून क्वोपोत्स्काने ताठ रेघा ठेवल्या. ह्या काटछाटीत कोरीव लाकडी ठशाचा कोरडेपणा आहे. ती काष्ठठशांचे काम करणारी कलावती होती हे कळले की त्या कोनांचे आश्चर्य वाटत नाही. कोणी काढायला सांगितले तर खडूच्या चार फटकाऱ्यांत फळ्यावर काढता यावे असे ते चिन्ह आहे. हा गुण शाळेच्या दृष्टीने मोठा.

शब्दही नवा घडवला गेला. ‘रोद्वो’ हा शब्द त्यापूर्वी पोलिश भाषेत नव्हता. पहिला भाग ‘रोद’, म्हणजे कूळ, वंश, कुटुंब. दुसरा भाग ‘गोद्वो’ म्हणजे राजचिन्ह ह्या शब्दाचे शेपूट. पोलिश भाषेत ‘-द्वो’ हा जुना प्रत्यय आहे: साबणाला ‘मिद्वो’, पंखाला ‘स्क्षिद्वो’, आरीला ‘शिद्वो’ म्हणतात. त्यामुळे ‘रोद्वो’ ऐकताच कानाला परके वाटत नाही. जणू आजोबांच्या बोलण्यात असेल आणि आपल्यालाच आठवत नसेल, असा तो शब्द आहे. भाषांतराच्या अभ्यासकांनी ह्या शब्दापाशी थोडे थांबावे. ‘कुलचिन्ह’ म्हटले तर सरंजामी वास येतो, ‘राष्ट्रचिन्ह’ म्हटले तर तेच म्हणायचे टाळण्यासाठी शब्द घडवला होता हे हरवते. ‘गोद्वो’तले राज्य काढून तेथे कुटुंब बसवलेले आहे, शब्दाची सगळी राजनीती त्या एका अक्षराच्या अदलाबदलीत आहे. म्हणून मी त्याचे भाषांतर केलेले नाही.

जानेवारी १९३३ नंतर ह्या युक्तीचे मोल एकदम वाढले. जर्मनीत आकडी क्रूस सर्वत्र आला: शाळांत, पंचायतींत, मिरवणुकींत. (आपल्या उंबरठ्यावरचे स्वस्तिक आणि नाझींचा तो क्रूस ह्यांच्यातला फरक मराठी वाचकाला सांगण्याची गरज नसावी, जर्मन भाषेत त्याला ‘आकडी क्रूस’ अशाच अर्थाचा शब्द आहे.) ज्या समाजाजवळ स्वतःचे असे काही नसेल त्याला राज्याचे चिन्ह नाकारण्याची सोय राहत नाही. संघाजवळ ते होते. रोद्वोची ती कोनदार रेघ जर्मन अधिकाऱ्यांना आपल्याच क्रूसाच्या तुकड्यासारखी वाटली आणि म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही, अशी एक गोष्ट सांगितली जाते. खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना प्रिय आहे, आणि का प्रिय आहे हे समजण्यासारखे आहे: दुबळ्याने बलवानाला त्याच्याच अक्षरांत फसवल्याच्या कथा सर्वच समाजांना आवडतात. मला मात्र ह्या कथेपेक्षा साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नदीवर बंदी घालणे अवघड असते. गरुड पाहून पोलिसाला कलम आठवते. वाकडी रेघ पाहून काय आठवावे?

तरीही एक पेच होता. विस्वा नदी ह्या लोकांची होती का? पोविश्लेतल्यांची होती, त्या प्रदेशाच्या नावाचाच अर्थ ‘विस्वेकाठचा’ असा आहे. परंतु तेथेही १९२० नंतर नदीचा काठ पोलंडला आणि गावे जर्मनीला अशी अवस्था होती. ओपोलेचा शेतकरी तर ओद्रा नदीच्या, म्हणजे ओडरच्या खोऱ्यात राहत होता. बोखुमच्या खाणकामगाराची नदी रूर होती, बर्लिनच्या शिवणकाम करणाऱ्या बाईची श्प्रे. ह्यांतल्या अनेकांनी विस्वा आयुष्यात पाहिली नसेल. छातीवर मिरवायची ती नदी त्यांच्या नकाशाबाहेरची होती, आणि त्यामुळेच ती सर्वांना सारखी उपलब्ध होती. कोणाच्याही दारापुढून न वाहणारी नदी कोणा एकाच्या मालकीची होऊ शकत नाही.

संघाचा सर्वांत मोठा दिवस ६ मार्च १९३८ हा होता. ऑस्ट्रियात जर्मन सैन्य शिरण्यास अवघे सहा दिवस उरले होते. त्या दिवशी बर्लिनच्या ‘थिएटर डेस फोल्केस’ ह्या प्रचंड नाट्यगृहात पाच हजारांहून अधिक पोलिश लोक जमले. नाझी राजधानीच्या मध्यभागी, मंचावर रोद्वो. ह्या मेळाव्यात ‘पोलिश लोकांची पाच सत्ये’ जाहीर झाली. त्यांची भाषा मुद्दाम पाठांतराला सोपी ठेवलेली आहे. आपण पोलिश आहोत. वाडवडिलांची श्रद्धा हीच मुलांची. पोलिश माणूस पोलिश माणसाचा भाऊ. रोजचे काम ही राष्ट्राची सेवा. आणि शेवटचे, पोलंड ही आपली आई आहे, आईविषयी वाईट बोलू नये. ह्या मजकुराशी ज्याचे नाव निगडित आहे तो एडमंड ओस्मान्चिक तेव्हा पंचविशीतला होता. जर्मन राज्यात जन्मलेला, संघाच्या वृत्तविभागात काम करणारा हा तरुण पुढे न्युरेंबर्ग खटल्याचा वार्ताहर झाला आणि उतारवयात त्याने संयुक्त राष्ट्रसंघाचा विश्वकोश रचला.

पाचव्या सत्यापाशी मी नेहमी अडखळतो. आईविषयी वाईट बोलू नये, हे वाक्य बर्लिनमध्ये १९३८ साली उच्चारणे हे धाडस होते. तेथे ‘आई’ला शिव्या देणारे वर्तमानपत्र रोज छापले जात होते आणि शाळेतल्या मुलाला त्या ऐकून घ्याव्या लागत होत्या. तेच वाक्य आईच्या घरात, आईच्या नावाने सत्ता चालवणाऱ्यांच्या तोंडी गेले की काय होते? नागरिकाने आपल्या राज्याविषयी वाईट बोलू नये, अशी ती आज्ञा होते. शब्द न बदलता वाक्याचा अर्थ उलटण्याचे ह्याहून चांगले उदाहरण वर्गात शिकवायला मिळणार नाही.

त्यानंतरचा भाग थोडक्यात सांगावा असा नाही, पण तो वेगाने घडला. एप्रिल १९३९ मध्ये दोमान्स्की बर्लिनमध्ये वारले. ओपोले येथे छापून होत आलेला जर्मनीतील पोलिश जनतेचा कोश युद्ध सुरू होताच पोलिसांच्या हाती पडला. २५ ऑगस्टला, युद्ध सुरू होण्याच्या एक आठवडा आधी, क्विजिन येथील पोलिश विद्यालयातले विद्यार्थी आणि शिक्षक पोलिसांनी उचलून नेले. हे विद्यालय उघडून दोन वर्षेही झाली नव्हती. सप्टेंबरमध्ये संघाच्या कार्यकर्त्यांची धरपकड झाली आणि शेकडो माणसे झाक्सेनहाउझेन, रावेन्सब्र्युक आणि अन्य छावण्यांत गेली. वार्मियाची कवयित्री मारिया झेंतारा-मालेव्स्का रावेन्सब्र्युकमधून परत आली. पहिले अध्यक्ष शेराकोव्स्की आणि त्यांची पत्नी ह्यांना ऑक्टोबरमध्ये रिपिन येथे ठार मारण्यात आले. १८८६ पासून निघणाऱ्या ‘गाझेता ओल्श्टिन्स्का’ ह्या पत्राचा संपादक सेवेरिन प्येन्येंझ्नी ह्याला फेब्रुवारी १९४० मध्ये छावणीत गोळ्या घातल्या. ज्या इमारतीत ते पत्र छापले जाई ती इमारतही पाडून टाकली. माणूस मारल्यावर घर पाडण्याची गरज का वाटावी? तेथे छापखाना होता हे त्याचे उत्तर असावे. २७ फेब्रुवारी १९४० च्या फर्मानाने जर्मनीतल्या सर्व पोलिश संस्था बंद झाल्या आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. ते फर्मान म्हणजे रोद्वोचा मृत्युदाखला मानायला हरकत नव्हती.

तसे झाले नाही, कारण १९४५ मध्ये सीमा पुन्हा सरकली. ओपोले, ओल्श्टिन, बितोम, झ्वोतुव, क्विजिन ही सगळी नावे आता पोलंडच्या नकाशात आली. बदल्यात पूर्वेकडचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाने घेतला. ओडर आणि नायसे ह्या नद्यांपर्यंतचा नवा मुलूख ‘परत मिळालेला’ आहे असे वॉर्सामधले सरकार सांगू लागले, आणि हे सांगताना त्याला पुरावा हवा होता. रोद्वोहून चांगला पुरावा कोणता? येथे पोलिश माणसे होती, त्यांनी हिटलरच्या काळातही पोलिश शाळा चालवल्या, त्यासाठी छावण्या भोगल्या. ह्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. परंतु त्याच सुमारास त्याच प्रदेशातल्या साध्या माणसांना पडताळणी समित्यांपुढे उभे राहून आपण पोलिश असल्याचे सिद्ध करावे लागत होते. सुमारे दहा लाख माणसे अशा रीतीने ‘पडताळली’ गेली. घरी सायलेशियन वा माझुरी बोली, शाळेत जर्मन, प्रार्थना कधी ह्या तर कधी त्या भाषेत, असे जगलेल्या कुटुंबांना आता एकाच रकान्यात नाव लिहायचे होते. माझुरीचे लोक तर प्रोटेस्टंट होते. वाडवडिलांची श्रद्धा हे दुसरे सत्य त्यांना कोठे बसवणार?

१९७२ च्या तिकिटाकडे ह्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. टपाल तिकिटाला वर्षाचे निमित्त हवे असते आणि पन्नाशी हे निर्दोष निमित्त होते. परंतु ते वर्ष आणखी एका गोष्टीचे होते. डिसेंबर १९७० मध्ये विली ब्रांट ह्यांनी वॉर्सा येथे सही केलेला करार मे १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने संमत केला आणि जूनमध्ये तो अंमलात आला. ओडर-नायसे सीमा बॉनने मान्य केली. सत्तावीस वर्षे जिची धास्ती होती ती सीमा कागदावर आली त्याच वर्षी, त्या सीमेच्या आत एके काळी अल्पसंख्य म्हणून जगलेल्या लोकांचे चिन्ह टपालात पडले. तिकीट म्हणजे राज्याने प्रत्येक लिफाफ्यावर मारलेली छोटीशी सही. ते परदेशात जाते, जर्मनीतही जाते. योजून केले असो वा नसो, त्या पत्रपेटीत वाचला जाणारा अर्थ स्पष्ट होता. गंमत एवढीच की सीमा ओद्राची होती आणि चिन्ह विस्वाचे. १९३२ मध्ये क्वोपोत्स्काने ओद्रा काढली नव्हती. कोणाचा मुलूख मागण्यासाठी तिने रेघ ओढली नव्हती.

मी त्या तिकिटाला खोटे म्हणणार नाही. १९३९ मध्ये जप्त झालेल्या त्या कोशाची हुबेहूब आवृत्ती पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पोलंडमध्ये निघाली. ओस्मान्चिकसारखी माणसे त्यामागे होती. स्मरणाचे हे काम ज्यांनी केले त्यांनी छावण्या पाहिल्या होत्या, मित्र गमावले होते, आणि त्यांना सरकारी छापखाना मिळाला तर तो त्यांनी वापरला. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये वॉर्सा आणि बॉन ह्यांच्यात दुसरा करार झाला. त्यानुसार चार वर्षांत सुमारे १,२०,००० ते १,२५,००० लोकांना पोलंड सोडून पश्चिम जर्मनीत जाण्याची परवानगी मिळणार होती. त्याच वाटाघाटींत पोलंडला शंभर कोटी मार्कांचे कर्ज आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबापोटी एकशे तीस कोटी मार्क मिळाले. जाणाऱ्यांत सायलेशियाची, वार्मियाची, माझुरीची माणसे मोठ्या संख्येने होती. ज्यांच्या असण्याचा दाखला म्हणून चिन्ह तिकिटावर आले, त्याच गावांतली घरे त्याच दशकात रिकामी होत होती. ते सगळे संघाचे सभासद नव्हते हे खरे. काहींचे आजोबा असतील, काहींच्या आजोबांनी सभासदांशी भांडणेही केली असतील. पण पोलिश चिन्हासाठी एका पिढीने जी किंमत मोजली ती पुढच्या पिढीने तिकिटावर पाहिली आणि तरीही रेल्वेचे तिकीट काढले, ह्याचा हिशेब कोणत्याही गौरवग्रंथात मला सापडला नाही.

संघ स्वतः मात्र जर्मनीत युद्धानंतर पुन्हा उभा राहिला. बोखुममध्ये त्याचे ‘पोलिश भवन’ आहे, रोद्वोही आहे. परंतु १९४० च्या फर्मानाने गेलेली मालमत्ता आणि गेलेला दर्जा हे दोन्ही विषय मिटले नाहीत. १७ जून १९९१ रोजी जर्मनी आणि पोलंड ह्यांच्यात चांगल्या शेजाराचा करार झाला. त्यात पोलंडमधल्या जर्मनांना ‘अल्पसंख्य’ म्हटले आहे. जर्मनीतल्या पोलिश लोकांसाठी मात्र ‘पोलिश वंशाच्या व्यक्ती’ अशी शब्दयोजना आहे. कराराने हक्क दोघांनाही दिले, नाव एकालाच दिले. जर्मनी आज ज्यांना राष्ट्रीय अल्पसंख्याक मानते त्यांत डेनिश, फ्रिजियन, सॉर्ब, तसेच सिंती आणि रोमा हे समाज आहेत, पोलिश नाहीत. जून २०११ मध्ये बुंडेस्टागने ठराव करून नाझी राजवटीत छळल्या गेलेल्या जर्मनीतील पोलिश अल्पसंख्याकांच्या कार्यकर्त्यांचा सन्मान केला. म्हणजे १९३९ साली येथे पोलिश अल्पसंख्याक होते हे संसदेला मान्य आहे. आज आहेत का, ह्यावर दोन्ही बाजूंचे वकील अजून शब्द मोजत आहेत.

इकडे श्चेचिन शहरात, जे १९४५ पर्यंत जर्मनीचे श्टेटीन होते, मध्यवस्तीतल्या एका मोठ्या चौकाला ‘रोद्वो चौक’ असे नाव आहे. तेथे एक उंच काचेची इमारत आहे आणि ट्रॅमचे रूळ एकमेकांना छेदतात. त्या शहरातून वाहणारी नदी ओद्रा आहे.